पडद्यावरचा व्हॅम्पायर: सुळे, झगा, रक्त आणि उजेड – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिल्म सोसायटीच्या खेळांनंतर, रंगभूषेच्या वर्गात आणि एकांकिका स्पर्धांच्या दिवसांत हे प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. लोककथांमधला व्हॅम्पायर हा वेगळा विषय. इथे फक्त कॅमेऱ्यासमोरचा. त्याचं रूप दंतकथांपेक्षा रंगभूषेच्या टेबलावर, दिव्यांच्या मांडणीत आणि निर्मात्याच्या खिशात जास्त ठरलं, असं माझं मत आहे. ते पुढे जागोजागी डोकावेल.

उन्हात गेला की व्हॅम्पायर मरतो, हे मूळ कादंबरीतलंच ना?

नाही. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीत ड्रॅक्युला भर दिवसा लंडनच्या पिकॅडिलीत दिसतो. दिवसा त्याच्या शक्ती ओसरतात, इतकंच. ऊन लागून विरून जाणारा व्हॅम्पायर आला तो १९२२ च्या जर्मन मूकपटात, एफ. डब्ल्यू. मुर्नाउच्या ‘नोस्फेरातू’मध्ये. कोंबडा आरवतो, काउंट ऑर्लॉक हा त्यातला व्हॅम्पायर खिडकीपाशी येतो आणि बघता बघता पडद्यावरून पुसला जातो. मागे जमिनीवर थोडा धूर उरतो.

या चित्रपटाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. बाहेरची रात्रीची दृश्यं तेव्हा सर्रास दिवसाच टिपत आणि नंतर प्रतीवर निळी छटा चढवत. निळं म्हणजे रात्र, हे प्रेक्षकांना ठाऊक असे. पुढे कित्येक वर्षं या चित्रपटाच्या छटा न चढवलेल्या प्रती फिरत राहिल्या. त्यांत ऑर्लॉक आपली शवपेटी काखेत मारून लख्ख उजेडात गावातून चालत जातो. उन्हाने मरणारा प्राणी उन्हात हिंडतोय म्हणून प्रेक्षागृहात हशा पिकतो आणि बिचाऱ्या मुर्नाउवर ठपका येतो. इंटरनेटवर बघणार असाल तर निळ्या-पिवळ्या छटा परत चढवलेली प्रतच शोधा. चित्रपटच वेगळा वाटेल.

ऑर्लॉकचे दात पुढे, मधोमध का? सुळे का नाहीत?

कारण त्याला उंदरासारखा दाखवायचं होतं. ऑर्लॉक जहाजातून येतो तो उंदीर आणि प्लेग घेऊनच. आल्बिन ग्राउ हा या चित्रपटाचा निर्माता, आणि नेपथ्य-वेशभूषाही त्याचीच. त्यामुळे कल्पनेपासून शिलाईपर्यंत एकच डोकं चाललंय हे जाणवतं. टक्कल, टोकदार कान, झुडुपासारख्या भुवया, पटाशीचे लांब दात, गळ्यापर्यंत बटणं लावलेला अंगाला चिकटलेला कोट.

ऑर्लॉक झालेल्या मॅक्स श्रेकचं काम बघताना हात बघा. दंड अंगाला घट्ट, खांदे वर चढलेले, आणि सगळी हालचाल लांब नखांच्या बोटांत. मुर्नाउ त्याला अरुंद कमानीच्या दारात उभा करतो, म्हणजे चौकट आपोआप उभ्या शवपेटीसारखी दिसते. आणि सगळ्यात गाजलेल्या चौकटीत, जिन्यावरून चढणाऱ्या सावलीत, रंगभूषेचं काहीच दिसत नाही. दिसतात ती फक्त नखं आणि नाकाची बाह्यरेषा. चेहऱ्यावर तासन्‌तास मेहनत केल्यावर तो चेहराच न दाखवण्याची हिंमत दिग्दर्शकात हवी.

तो चित्रपट जाळून टाकायचा हुकूम झाला होता म्हणे?

जाळण्याचाच असं नाही, पण नष्ट करण्याचा झाला होता. कादंबरीचे हक्क न घेता, नावं बदलून तो केलेला होता. स्टोकरच्या पत्नी फ्लॉरेन्स कोर्टात गेल्या आणि १९२५ मध्ये प्रती नष्ट करण्याचा आदेश मिळाला. काही प्रती तोवर इतर देशांत पोचल्या होत्या, म्हणून आपण तो बघू शकतो.

काळा झगा आणि मानेमागची उभी कॉलर कुठून आली?

नाटकातून! कादंबरीतला म्हातारा ड्रॅक्युला काळ्या कपड्यांत आहे, त्याला लांब पांढऱ्या मिशाही आहेत, पण ही कॉलर नाही. हॅमिल्टन डीनने १९२४ मध्ये इंग्लंडात कादंबरीवर नाटक केलं. त्यात ड्रॅक्युला सगळ्यांच्या देखत गायब व्हायला हवा होता. नट प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहायचा, उंच कॉलरीमुळे त्याचं डोकं मागून दिसायचं नाही, इतर पात्रं झगा धरून ठेवायची आणि तो चोरवाटेने निसटायचा. हातात रिकामा झगा. आपल्याकडे ट्रिकसीनच्या नाटकांनी जे प्रकार केले त्याच जातीची ही युक्ती.

नाटक १९२७ मध्ये ब्रॉडवेवर गेलं, तिथे बेला लुगोसी ड्रॅक्युला झाला आणि १९३१ मध्ये युनिव्हर्सलच्या चित्रपटातही तोच आला. कॅमेरा थांबवून माणूस गायब करता येत असताना कॉलरीची काहीच गरज उरली नव्हती. तरी ती राहिली, आणि आज सातवीतल्या पोराला ड्रॅक्युला काढायला सांगा, आधी कॉलर काढेल. लुगोसी १९५६ मध्ये वारला तेव्हा त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यातच पुरलं.

लुगोसीचे सुळे केवढे होते?

नव्हतेच. १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’त सुळे दिसत नाहीत, चावा दिसत नाही, मानेवरच्या खुणांबद्दल पात्रं फक्त बोलतात. लुगोसीकडे होता मागे चोपून बसवलेला केसांचा टोप, ओठांचा गडद रंग, संथ हंगेरियन उच्चार आणि डोळे. छायाचित्रणकार कार्ल फ्रॉइंडने त्या डोळ्यांवर बारीक प्रकाशझोत टाकले. बाकी चेहरा अंधुक आणि डोळ्यांची तेवढी एक उजळ पट्टी. काही चौकटींत झोत नेमका बुबुळांवर न पडता जरा सरकलेला दिसतो. मला ती चूकही आवडते, हाताने केलेलं काम कळतं.

जमलं तर त्याच सेटवर रात्रपाळीत केलेली स्पॅनिश आवृत्तीही बघा. कॅमेरा जास्त फिरता आहे आणि कित्येक प्रसंग जास्त चांगले घेतलेत. पण तिच्यात लुगोसी नाही, आणि ती उणीव भरून निघत नाही.

सुळे पडद्यावर रुळले ते पन्नाशीच्या दशकात. १९५३ च्या तुर्की ‘द्राकुला इस्तांबुलदा’मध्ये आतिफ काप्तानला, १९५७ च्या मेक्सिकन ‘एल वाम्पिरो’त हेर्मान रोब्लेसला आणि १९५८ मध्ये ब्रिटनच्या हॅमर कंपनीच्या ‘ड्रॅक्युला’त क्रिस्टोफर लीला.

लॉन चेनीने व्हॅम्पायर केला होता का?

हो, मूकपटांतल्या या नटाने १९२७ च्या ‘लंडन आफ्टर मिडनाइट’मध्ये केला. उंच हॅट, करवतीसारखे दात, तारेने ताणून वटारलेले डोळे, आणि हे सगळं त्याने स्वतःच्या हाताने केलेलं. चित्रपटाची शेवटची ज्ञात प्रत १९६५ च्या एमजीएम स्टुडिओच्या गोदामातल्या आगीत गेली. उरले आहेत ते फोटो.

कृष्णधवल चित्रपटात रंगभूषेच्या रंगाला काय अर्थ? सगळं करडंच दिसणार ना?

करडंच, पण कुठला रंग किती करडा, यातच सगळी कला होती. मूकपटांच्या काळातली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी. लाल लिपस्टिक काळीभोर दिसायची, गालांवरची लाली खड्ड्यासारखी. विशीच्या दशकाच्या अखेरीस सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रूढ झाली आणि रंगभूषाकारांना सगळं गणित नव्याने मांडावं लागलं.

त्या नव्या फिल्मवरचा सगळ्यात देखणा चमत्कार व्हॅम्पायरपटांपुरता सांगतो. १९५७ चा इटालियन ‘इ वाम्पिरी’, दिग्दर्शक रिकार्दो फ्रेदा, कॅमेऱ्यावर मारिओ बावा. जान्ना मारिया कनालेचा तरुण चेहरा एकाच सलग शॉटमध्ये, कुठेही न कापता, म्हातारा होतो. सुरकुत्या उमटतात, डोळ्यांखाली खळगे पडतात. केलं काय होतं? सुरकुत्या आधीपासून चेहऱ्यावर होत्याच, पण लाल रंगात रेखलेल्या. चेहऱ्यावर लाल प्रकाश असेपर्यंत लाल रेघ आणि त्वचा दोन्ही सारख्याच उजळ दिसतात, म्हणजे रेघ दिसतच नाही. लाल दिवा हळूहळू मंद करून हिरवा चढवला की तीच रेघ काळी पडत जाते. कृष्णधवल फिल्मला दिव्याचा रंग बदललेला कळत नाही, फक्त रेघ उमटलेली कळते.

ही युक्ती बावाची स्वतःची नव्हे. कार्ल स्ट्रसने १९२५ च्या ‘बेन-हर’मध्ये कुष्ठरोगी बरे होताना आणि १९३१ च्या ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’मध्ये ती वापरली होती. घरी करून बघायची असेल तर लाल स्केचपेनने हातावर रेघा ओढा आणि रंग बदलणाऱ्या एलईडी बल्बखाली मोबाइलवर ब्लॅक-अँड-व्हाइटमध्ये चित्रण करा. वर्गात दर वेळी मुलं अवाक होतात.

मग रक्त लाल कधी झालं?

ठसठशीत लाल झालं ते हॅमरच्या १९५८ च्या ‘ड्रॅक्युला’त. टेरेन्स फिशरचं दिग्दर्शन, जॅक आशरचं छायाचित्रण, फिल लीकीची रंगभूषा. वास्तविक हा स्वस्तातला चित्रपट, ब्रे इथल्या छोट्या स्टुडिओत केलेला. पण आशरने सावल्यांतही जांभळे-हिरवे दिवे पेरले आणि त्या श्रीमंत रंगांवर रक्ताचा एक थेंबसुद्धा डोळ्यांत भरू लागला. ग्रंथालयाच्या दारात क्रिस्टोफर ली येतो तो प्रसंग बघा: लाल लेन्स, ओठांवर रक्त, सुळे आणि घशातून गुरगुर. लुगोसीचा सभ्य सरदार एका क्षणात जनावर झाला. लीला त्या लेन्समधून धड दिसतही नसे.

शेवटी ड्रॅक्युलाच्या मागावर असलेला पीटर कुशिंग टेबलावरून धावत जाऊन पडदा ओढतो, मेणबत्त्यांचे दोन स्टँड आडवे-उभे धरून क्रूस करतो (ही कल्पना खुद्द कुशिंगची) आणि ड्रॅक्युलाची राख होते. त्यात ली आपल्याच चेहऱ्याची कातडी ओरबाडतो असा भाग होता. चेहऱ्याला लाल रंग लावून वर मेणाचा थर दिलेला, त्यामुळे बोटांनी मेण निघालं की खालचं ‘मांस’ उघडं पडे. ब्रिटिश सेन्सॉरने तो कापला. २०११ मध्ये टोकियोच्या नॅशनल फिल्म सेंटरमध्ये जपानी प्रतीची काही रिळं मिळाली आणि तो तुकडा परत जोडता आला.

साठ-सत्तरच्या दशकांत ब्रिटिश सिनेमा-नाटकांत चाललेलं ‘केन्सिंग्टन गोर’ नावाचं बनावट रक्त जॉन टाइनगेट या निवृत्त फार्मासिस्टने बनवलेलं. आज ते जरा रंगाच्या डब्यातलं वाटतं. कृष्णधवलमध्ये असली काही पंचाईतच नव्हती. हिचकॉकने ‘सायको’त चॉकलेट सिरप वापरून काम भागवलं.

१९९२ च्या कोपोलाच्या ‘ड्रॅक्युला’त इतकं काय विशेष? कॉम्प्युटरचीच कमाल ना?

उलट. कोपोलाने ठरवलं की कथा सिनेमाच्या जन्मकाळात घडते, तर चमत्कारही त्याच काळातल्या युक्त्यांनी करायचे. व्हिज्युअल इफेक्ट्सच्या तज्ज्ञांशी बिनसलं तेव्हा त्याने ते काम मुलाकडे, रोमनकडे सोपवलं. दुहेरी छायाचित्रण, उलटं चित्रण, छोटी मॉडेल्स, आरसे. ड्रॅक्युलाची शिकार होऊन व्हॅम्पायर बनलेली लूसी मागे सरकत शवपेटीत जाऊन आडवी होते ती चाल अंगावर काटा आणते, कारण नटी प्रत्यक्षात पेटीतून बाहेर येत होती आणि फिल्म उलटी चालवलीय. ड्रॅक्युलाची सावली त्याच्याआधी हलते, कारण सावलीचं काम दुसराच माणूस करत होता. लंडनच्या रस्त्यावरचं एक दृश्य तर हाताने फिरवायच्या जुन्या पाथे कॅमेऱ्यावर घेतलंय.

पैसा सेटवर कमी आणि कपड्यांवर जास्त, हे धोरण होतं, आणि कपडे होते एइको इशिओका या जपानी कलाकाराच्या हातात. तिने कॉलर-झगा सरळ फेकून दिला. सोललेल्या स्नायूंसारखं लाल चिलखत, जमिनीवर रक्ताच्या ओघळासारखा पसरणारा लाल झगा, डोक्यावर दोन फुगीर उंचवट्यांचा पांढरा केशसंभार. लूसीला पुरतात त्या पोशाखाची गळ्याभोवतीची झालर गळपट्टा फुगवणाऱ्या ऑस्ट्रेलियन सरड्यावरून घेतलीय. वेशभूषा, रंगभूषा आणि ध्वनिसंकलन अशी तीन ऑस्कर मिळाली. किआनू रीव्ह्जच्या इंग्रजी उच्चारांची थट्टा मी करणार नाही, ती बाकीच्यांनी पुरेशी केली आहे.

मेलेल्या माणसासारखी फिकट त्वचा कशी आणतात? पांढरी पावडर लावतात का?

नुसतं पांढरं लावलं की चुना फासल्यासारखं दिसतं. खरी त्वचा किंचित पारदर्शक असते, खालचं निळं-जांभळं वर जाणवतं. ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’च्या (१९९४) वेळी रंगभूषाकार स्टॅन विन्स्टनच्या चमूने नटांना चक्क उलटं टांगलं. डोक्यात रक्त उतरलं की शिरा फुगतात. त्या भराभर गिरवून घ्यायच्या, नटाला सरळ करायचं आणि मग फिकट थरातून त्या निळ्या रेषा हलक्या जाणवू द्यायच्या. म्हणून प्रत्येकाच्या शिरा त्याच्या स्वतःच्या जागी आहेत.

दुसरं टोक म्हणजे वेर्नर हेर्त्सोगचा १९७९ चा ‘नोस्फेरातू’. क्लाउस किन्स्कीची रंगभूषा रेको क्रुक करत असे आणि रोज चार तास लागत. लेटेक्सचे कान काढताना फाटायचे, म्हणून दर दिवशी नवे. सेटवर आरडाओरडीसाठी कुप्रसिद्ध असलेला किन्स्की तिच्यासमोर शांत बसायचा, असं सांगतात.

व्हॅम्पायर एवढे देखणे कधीपासून झाले?

लुगोसीपासूनच. स्त्रिया त्याला ढिगाने पत्रं लिहीत. नंतर फक्त प्रमाण वाढलं. ‘बफी’ मालिकेने (१९९७-२००३) मधला मार्ग काढला. एरवी देखणा चेहरा, चावायच्या वेळी कपाळ-भुवयांवर प्रोस्थेटिक (चिकटवायचे कृत्रिम भाग) चढवलेला राक्षसी चेहरा, आणि मेला की लगेच धूळ, म्हणजे दर भागात प्रेतं आवरत बसायला नको. ‘ट्वायलाइट’ने (२००८) उन्हात जळण्याऐवजी चमकायला लावलं. त्यावर चिडणाऱ्यांनी पहिलं उत्तर परत वाचावं, जळणंही नंतर घातलेलंच आहे.

माझी आवड विचाराल तर कॅथरिन बिगेलोचा १९८७ चा ‘निअर डार्क’. सुळे नाहीत, झगा नाही, ‘व्हॅम्पायर’ हा शब्दसुद्धा उच्चारत नाहीत. धुळीने माखलेली, जळालेल्या कातडीची भटकी टोळी. मोटेलवर पोलिस गोळ्या झाडतात तेव्हा भीती गोळीची नसते, गोळीने पडलेल्या भोकातून आत घुसणाऱ्या उन्हाच्या तिरिपेची असते. आणि २००८ चा स्वीडिश ‘लेट द राइट वन इन’: तिथे मुलीच्या चेहऱ्याला फारसं काही केलेलंच नाही, फक्त तिचा आवाज दुसऱ्या, जाड आवाजाच्या मुलीकडून डब केलाय. कानाला कळतं की समोरचं मूल मूल नाही.

आशियातले व्हॅम्पायर कसे दिसतात?

हाँगकाँगच्या ‘मिस्टर व्हॅम्पायर’मधला (१९८५) च्यांगशी, म्हणजे चिनी व्हॅम्पायर, चीनच्या चिंग राजवटीतल्या अधिकाऱ्याच्या पोशाखात, हात पुढे ताठ, उड्या मारत येतो. कपाळावर मंतरलेला पिवळा कागद चिकटवला की थांबतो. श्वास रोखून धरलात तर त्याला तुम्ही सापडत नाही, आणि या एका नियमावर विनोदाचे केवढे तरी प्रसंग उभे केलेत. लाहोरचा ‘जिंदा लाश’ (१९६७) हॅमरच्या वळणाचा आहे: संशोधक अमृत शोधायला जातो आणि रक्तपिपासू होऊन बसतो. मध्ये मध्ये गाणी आहेतच.

आपल्याकडे?

मुंबईच्या रामसे बंधूंचा ‘बंद दरवाजा’ (१९९०) हा त्यांचा सरळसरळ ड्रॅक्युलापट. काली पहाडीवरचा नेवला म्हणजे अनिरुद्ध अगरवाल. रामसेंनी त्या माणसाची उंची आणि चेहऱ्याची ठेवण ओळखली, हे त्यांचं खरं कसब. दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी, संकलन सगळं भावाभावांत. खर्च कमी, म्हणून खालून दिवा, निळं धुकं आणि लाल डोळे. हसू येतं हे खरं, पण नेवला पहिल्यांदा उभा राहतो तेव्हा नाही. हल्लीचा हिंदी ‘थामा’ (२०२५) व्हॅम्पायरच्या जागी रक्त पिणारे ‘बेताल’, म्हणजे वेताळ, आणतो. त्याचा दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, ‘झोंबिवली’वाला. मराठी वाचकांना मात्र हा प्राणी फार आधी नारायण धारपांच्या ‘लुचाई’तून भेटलेला आहे.

नाटकासाठी सुळे कसे करायचे? बाजारातले बसत नाहीत.

ते बसणारच नाहीत, सगळ्यांसाठी एकच साचा असतो. ओळखीच्या दातांच्या डॉक्टरकडे किंवा कवळ्या करणाऱ्या लॅबमध्ये जा. दातांचं माप घेऊन, प्लास्टरचा साचा करून, त्यावर ॲक्रिलिकचे टोपणासारखे सुळे बनवून मिळतात आणि नुसते दाबून बसतात. लांबी कमीच ठेवा. ओठ मिटायला हवेत आणि ‘स’, ‘श’ स्वच्छ यायला हवेत. नखं चिकटवायचा गोंद किंवा फेविक्विक दाताला कधीही नाही.

रंगीत लेन्स ऑनलाइन मागवू का?

डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय नाही. एकमेकांच्या लेन्स घालायच्या नाहीत. रंगमंचावर तिसऱ्या रांगेपलीकडे त्या दिसतही नाहीत, पैसे वाचवा.

एकांकिकेसाठी स्वस्तात रक्त कसं करायचं, आणि मागच्या वर्षी आमचं रक्त काळं का दिसलं?

केकचं सामान मिळतं त्या दुकानातून लिक्विड ग्लुकोज आणा, थोडं पाणी घालून सैल करा, खाण्याचा लाल रंग, थेंबभर निळा आणि चिमूटभर कोको. तोंडातून सांडायचं असेल तर एवढंच. फक्त कपड्यांवर उडवायचं असेल तर भांड्यांच्या लिक्विड सोपचे चार थेंब घाला, डाग निघायला सोपं जातं. तरी शर्ट दोन ठेवा.

काळं दिसलं ते रात्रीच्या निळ्या दिव्यांमुळे. निळ्या प्रकाशात लाल रंगाला परतवायला लाल उरतच नाही. दोन उपाय आहेत. चावा पडतो त्या जागी एक साधा पिवळसर-पांढरा स्पॉट मागून घ्या, किंवा रक्ताचा लाल जरा उजळ, नारिंगीकडे झुकणारा करा. चेहऱ्याला लावायचा गोरा पॅनकेक त्याच निळ्यात भलताच चमकतो, तेव्हा एक छटा गडदच लावा, आणि मान, कान, हाताचे पंजे विसरू नका. हे सगळं मेकअप रूमच्या ट्यूबलाइटमध्ये ठरवू नका. रंगीत तालमीला प्रकाशयोजनाकाराला ते दिवे लावायला सांगा आणि एकाला शेवटच्या रांगेत बसवा.